कॉलेजच्या लॅबमधले ४० सीपीयू काढून एकच सर्व्हर बसवला, तर वीज खरंच वाचते का?

बारामती आणि इंदापूर म्हटलं की आधी ऊस, साखर कारखाने आणि राजकारण आठवतं. पण हा पट्टा आता कॉलेजांचाही आहे. बारामतीत १९६२ पासूनचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, विद्या प्रतिष्ठानचं कमलनयन बजाज इंजिनिअरिंग कॉलेज आहे. माळेगावला शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. इंदापूरला कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालय आहे, तालुक्यातच एस. बी. पाटील इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आसपासच्या गावांतली हजारो मुलं पुण्याला न जाता इथेच शिकतात.

इतकी कॉलेजं म्हणजे तितक्याच कॉम्प्युटर लॅब. आणि राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावातली लॅब डोळ्यांसमोर आणली तरी चित्र साधारण सारखंच असतं. ओळीनं मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलाखाली घुमणारा एक सीपीयू, कोपऱ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या आणि खोली गार ठेवायला धडपडणारा एसी. मुलं वर्डमध्ये टाइप करतात, टॅली शिकतात, पायथॉनचे छोटे प्रोग्रॅम चालवतात. या कामांना प्रोसेसरची ताकद फारशी लागत नाही. बराचसा वेळ तो नुसता वाट बघत असतो, आणि वाट बघतानाही वीज खातो.

यावर उपाय म्हणून गेली अनेक वर्षं एक नाव पुढे केलं जातं: डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन. टेबलाखालचे सगळे सीपीयू काढा, त्यांच्या जागी तळहाताएवढ्या डब्या बसवा आणि सगळं काम एका मोठ्या सर्व्हरवर चालवा. हे विकणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत वीजबचतीचे मोठमोठे आकडे असतात.

ते आकडे खरे ठरू शकतात. पण सर्व्हर बसवूनही बिल जवळपास तेवढंच येईल, असंही होऊ शकतं. फरक कशानं पडतो, हे साध्या गुणाकारानं समजून घेता येतं.

डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन म्हणजे नेमकं काय?

ऊसपट्ट्यातलंच उदाहरण घेऊ. समजा गावातल्या प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या बांधावर स्वतःचं गुऱ्हाळ टाकलं. प्रत्येकाचा चरक वेगळा, भट्टी वेगळी, कढई वेगळी. बरीचशी गुऱ्हाळं वर्षातला बहुतेक काळ रिकामी बसणार. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून एक कारखाना काढला आणि ऊस तिथे नेला, तर एकाच मोठ्या यंत्रावर सगळ्यांचं काम होतं.

नेहमीची लॅब म्हणजे चाळीस गुऱ्हाळं. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे कारखाना.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर 'हायपरवायझर' नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते एका मोठ्या मशीनची मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क यांचे वाटे पाडतं आणि प्रत्येक वाट्यात एक स्वतंत्र कॉम्प्युटर असल्याचा आभास तयार करतं. यालाच 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात. विद्यार्थ्याच्या टेबलावर स्क्रीन, कीबोर्ड, माउस आणि एक छोटी डबी असते. या डबीला 'थिन क्लायंट' म्हणतात. कीबोर्डवर दाबलेली कळ नेटवर्कच्या वायरनं सर्व्हरकडे जाते, काम तिथे होतं आणि तयार झालेलं चित्र स्क्रीनवर परत येतं. मुलाला वाटतं की आपण आपल्याच कॉम्प्युटरवर बसलोय.

याचा आणखी एक सोपा प्रकार आहे. त्यात चाळीस वेगळी मशीन न बनवता एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर चाळीस जणांना आपापल्या खात्यातून लॉग-इन करू देतात. याला मेमरी कमी लागते, त्यामुळे सर्व्हरही लहान चालतो. टायपिंग, टॅली, ब्राउझर यांसाठी हा प्रकार पुरतो. ज्या प्रॅक्टिकलमध्ये मुलांना सिस्टिमच्या सेटिंगमध्ये हात घालावा लागतो, तिथे मात्र प्रत्येकाला वेगळं व्हर्च्युअल मशीन दिलेलं बरं. एकानं गोंधळ घातला तरी बाकीच्यांचं काम थांबत नाही.

शेतकऱ्याच्या मोबाईलवर हेच सुरू आहे

काम एका ठिकाणी आणि स्क्रीन दुसऱ्या ठिकाणी, हा प्रकार बारामतीला नवा नाही. २००३ च्या अखेरीस आयआयटी मुंबईनं 'आक्वा' नावाची प्रश्नोत्तरांची ऑनलाइन सेवा सुरू केली. शेतकरी प्रश्न विचारायचे आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ उत्तरं द्यायचे.

आता त्याच्या खूप पुढची गोष्ट सुरू आहे. बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी यांच्या प्रकल्पात उसाच्या शेतातल्या सेन्सरची आणि उपग्रहाची माहिती एकत्र करून शेतकऱ्याला मोबाईलवर सल्ला मिळतो. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी या प्रकल्पाचा उल्लेख केला आणि बारामतीचं नाव जगभर पोचलं. यातली आकडेमोड शेतकऱ्याच्या फोनमध्ये होत नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर होते. फोन फक्त खिडकीचं काम करतो.

इंजिनिअरिंगची मुलंही हे रोज करतात. स्वस्तातल्या लॅपटॉपवर गूगल कोलॅब उघडून पायथॉनचा जड प्रोग्रॅम चालवणाऱ्या मुलाचा लॅपटॉप तापत नाही, कारण तो प्रोग्रॅम गूगलच्या सर्व्हरवर चालतो. डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशनमध्ये हाच प्रकार संपूर्ण डेस्कटॉपसाठी केला जातो. आणि सर्व्हर कॉलेजच्याच आवारात असेल, तर त्याला इंटरनेटही लागत नाही. लॅबमधलं नेटवर्क पुरतं.

ही कल्पना आली कुठून?

खरं तर कॉम्प्युटरची सुरुवातच अशी झाली. १९६० च्या दशकात कॉम्प्युटर इतके महाग होते की एकच मशीन अनेकांनी वाटून घ्यावं लागायचं. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'सीडीसी ३६००' हे मोठं मशीन आलं, तेव्हा संशोधक आपलं काम पंच कार्डांवर लिहून त्या एका मशीनकडे द्यायचे. नंतर टर्मिनल आले. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीत दिसणाऱ्या जुन्या स्क्रीन आठवत असतील, तर टर्मिनल म्हणजे काय हे वेगळं सांगायची गरज नाही.

१९८० नंतर पीसी स्वस्त होत गेले आणि प्रत्येक टेबलावर पूर्ण कॉम्प्युटर ठेवणं परवडू लागलं. महाराष्ट्रात २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर तालुक्यांच्या गावांतही पीसींच्या रांगा दिसायला लागल्या. दरम्यान १९९८ मध्ये अमेरिकेत व्हीएमवेअर कंपनी सुरू झाली. साध्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालवण्याचं तंत्र तिच्यामुळे सगळीकडे पसरलं. १९९९ मध्ये 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' हा मोफत पर्याय आला. म्हणजे एका मशीनवर अनेकांनी काम करण्याची जुनी पद्धत नव्या रूपात परत आली.

वीज नेमकी जाते कुठे?

लॅबच्या वीजबिलाबद्दल बोलताना एक गोष्ट अनेकदा सुटते. जुना सीपीयू काम करत नसतानाही जवळपास तेवढीच वीज खातो, जेवढी टायपिंग करताना खातो. मदरबोर्ड, पंखे, हार्ड डिस्क आणि वीज रूपांतरित करणारा एसएमपीएस हे सगळं सुरूच असतं. त्यामुळे बिल ठरतं दोन गोष्टींवर: मशीन किती वॉट घेतं आणि ते किती तास सुरू असतं.

दुसरी गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या २००४ च्या पाहणीत दिसलं. संशोधकांनी रात्री ऑफिसं आणि शिक्षणसंस्थांमध्ये फिरून पाहिलं, तेव्हा बंद केलेले डेस्कटॉप साधारण तीनांतला एक एवढेच होते. बाकीचे कुणी वापरत नसताना सुरूच होते. ब्रिटनमधल्या शेफिल्ड युनिव्हर्सिटीत काही वर्षांनी मोजणी झाली. तिथे कॉम्प्युटर, सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटर या सगळ्यांवर जाणाऱ्या विजेपैकी जवळपास निम्मी एकट्या पीसींवर जात होती.

त्यात उष्णतेची भर पडते. कॉम्प्युटरनं घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. चाळीस जुने सीपीयू मिळून सुमारे २.४ किलोवॉट उष्णता सोडतात. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे बारामतीच्या एप्रिलमध्ये या लॅबला एसीची पाऊण टनाच्या आसपासची ताकद फक्त सीपीयूंची उष्णता काढायला लागते. मुलांना गार वाटण्याचा हिशोब त्यानंतर सुरू होतो.

आता हिशोब करू

४० जागांची एक लॅब धरू. ती दिवसाला ८ तास, वर्षातले २४० दिवस चालते, म्हणजे एकूण १,९२० तास. जुना सीपीयू सरासरी ६० वॉट घेतो असं मानू. मॉनिटर दोन्ही पद्धतींत लागतोच, म्हणून तो बाजूला ठेवू. थिन क्लायंट ८ वॉटचा. सर्व्हर सरासरी ३०० वॉटचा आणि त्याची खोली गार ठेवायला वर ४० टक्के, म्हणजे एकूण ४२० वॉट. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या लॅबचे वेगळे असतील, पण गणिताची रीत तीच राहील.

वर्षाची वीज अशी निघते:

– ४० जुने सीपीयू, रोज वेळेवर बंद केलेले: ४,६०८ युनिट.
– ४० जुने सीपीयू, रात्रंदिवस वर्षभर सुरू राहिलेले: २१,०२४ युनिट.
– थिन क्लायंट आणि सर्व्हर, दोन्ही लॅबच्या वेळेतच सुरू: सुमारे १,४२१ युनिट.
– थिन क्लायंट लॅबच्या वेळेत, पण सर्व्हर चोवीस तास सुरू: सुमारे ४,२९४ युनिट.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. यंत्रसामग्री तीच, खर्च तोच. सर्व्हर लॅबबरोबर बंद झाला, तर वीज ६९ टक्क्यांनी कमी होते. तो रात्रंदिवस सुरू राहिला, तर बचत ७ टक्क्यांवर येते. कारखान्यात ऊस नसताना बॉयलर पेटता ठेवण्यासारखं हे आहे.

दुसऱ्या ओळीकडेही बघा. ज्या लॅबमध्ये सीपीयू रात्री सुरू राहतात, तिथे सगळ्यात मोठी बचत बटण दाबण्यात आहे. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

सहकाराचं गणित इथेही लागू

कारखान्याला पुरेसा ऊस मिळाला नाही तर गाळप परवडत नाही. सर्व्हरचंही तसंच आहे. सर्व्हर रिकामा असला तरी बऱ्यापैकी वीज खातो. त्यामुळे त्याच्यावर जितके जास्त विद्यार्थी, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कमी.

वरच्या लॅबसारख्या तीन लॅब एकत्र केल्या तर? जुन्या पद्धतीनं १२० सीपीयूंना वर्षाला १३,८२४ युनिट लागतात. तिघींसाठी एक मोठा सर्व्हर घेतला आणि तो थंडाव्यासह ७०० वॉट घेतो असं धरलं, तर तो चोवीस तास चालवूनही एकूण वीज ७,९७५ युनिटच्या आसपास येते. म्हणजे ४२ टक्के बचत. रात्री बंद ठेवला तर ७७ टक्के.

जगात जिथे हे यशस्वी झालं, तिथे व्याप्ती मोठी होती. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळच्या क्वीन मार्गारेट युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये नव्या कॅम्पसमध्ये जाताना मोठ्या प्रमाणावर पीसींऐवजी थिन क्लायंट बसवले. २००८ मध्ये तेव्हाच्या संयुक्त आंध्र प्रदेशानं सुमारे ५,००० सरकारी शाळांसाठी एनकॉम्प्युटिंग कंपनीचं तंत्रज्ञान निवडलं. त्यात एका पीसीला अनेक स्क्रीन आणि कीबोर्ड जोडले जायचे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं त्याच सुमारास केलेल्या अभ्यासात मशीन तयार करण्यापासून ते वापरापर्यंतचा आणि सर्व्हरचाही वाटा धरला. तेव्हाच्या पीसींच्या तुलनेत थिन क्लायंटमुळे हरितगृह वायूंचं उत्सर्जन निम्म्याहून जास्त घटतं, असं त्यातून निघालं.

पण यातला 'तेव्हाच्या पीसींच्या तुलनेत' हा भाग महत्त्वाचा आहे.

मधल्या काळात पीसीच बदलला

लॅपटॉपची बॅटरी जास्त टिकावी म्हणून प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांनी वीज कमी करण्यावर खूप काम केलं. त्याचा फायदा डेस्कटॉपलाही मिळाला. आज मॉनिटरच्या मागे स्क्रूनं बसवता येईल एवढा मिनी पीसी मिळतो आणि साध्या कामात तो १०-२० वॉटमध्ये भागवतो.

१५ वॉट धरले तर ४० मिनी पीसींना वर्षाला १,१५२ युनिट लागतात. म्हणजे एकाच लॅबपुरतं बोलायचं तर मिनी पीसी सर्व्हरच्या पद्धतीपेक्षाही कमी वीज खातो. तीन लॅबसाठी मिनी पीसींना ३,४५६ युनिट आणि रात्री बंद होणाऱ्या सर्व्हरच्या पद्धतीला ३,१८७ युनिट लागतात. जवळपास बरोबरी.

याचा अर्थ सरळ आहे. वीज वाचते ती जुना सीपीयू गेल्यामुळे. त्याच्या जागी काय आलं, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फक्त विजेवर ठरत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. "जुने पीसीच थिन क्लायंट म्हणून वापरू, नवीन काही घ्यायला नको," असा सल्ला दिला जातो. त्यानं जुन्या मशीनचं आयुष्य वाढतं, ई-कचरा लांबतो, संथ झालेला पीसी पुन्हा कामाला येतो. पण टेबलाखाली तोच जुना डबा सुरू राहतो आणि वर सर्व्हरची भर पडते. त्यामुळे वीज कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता जास्त. ई-कचरा कमी करायचा असेल तर हा मार्ग चांगला. बिल कमी करायचं असेल तर नाही.

लाईट गेल्यावर काय?

ग्रामीण महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनात गेली. परिस्थिती तेव्हापेक्षा खूप सुधारली असली, तरी वळवाच्या पावसात फीडर बंद पडणं, तारेवर फांदी पडणं हे गावाबाहेरच्या कॉलेजांना नवीन नाही. ऑनलाइन परीक्षा किंवा प्रॅक्टिकल सुरू असताना लाईट गेली, तर सगळी भिस्त यूपीएसवर असते.

इथे वॉट कमी होण्याचा फायदा बिलापेक्षाही मोठा आहे. मॉनिटरचे २० वॉट धरले, तर जुन्या ४० पीसींची लॅब बॅटरीवर ३.२ किलोवॉट ओढते. थिन क्लायंट, मॉनिटर आणि सर्व्हर मिळून साधारण १.४ किलोवॉट होतात. मिनी पीसी आणि मॉनिटर मिळूनही तेवढेच. म्हणजे त्याच बॅटऱ्यांवर लॅब दुपटीहून जास्त वेळ चालते. अर्ध्या तासाचा बॅकअप तासाभरावर जातो आणि पेपर पूर्ण होऊ शकतो. पुढे बॅटऱ्या बदलायची वेळ आली की लहान बँक घेऊन भागतं. छतावर सोलर बसवायचं ठरलं, तरी कमी पॅनेलमध्ये काम होतं.

मग व्हर्च्युअलायझेशन घ्यायचं कशासाठी?

वीज मिनी पीसीनंही वाचत असेल, तर सर्व्हरचा घाट कशाला? त्याचीही कारणं आहेत.

पहिलं कारण देखभाल. सेमिस्टर बदललं की नवीन सॉफ्टवेअर टाकावं लागतं. चाळीस मशीनवर ते टाकायला लॅब असिस्टंटचे दिवस जातात. व्हर्च्युअलायझेशनमध्ये एक नमुना डेस्कटॉप तयार करायचा आणि त्याच्या प्रती सगळ्यांना द्यायच्या. कुणी व्हायरस आणला, सेटिंग बिघडवलं, तर पुढच्या लॉग-इनला पुन्हा कोरा डेस्कटॉप मिळतो.

दुसरं कारण टिकाऊपणा. थिन क्लायंटमध्ये बहुधा पंखा नसतो, फिरणारी हार्ड डिस्क नसते. धुळीनं खराब होण्यासारखं कमी असतं. काही वर्षांनी ताकद वाढवायची झाली तर फक्त सर्व्हर बदलतात, चाळीस टेबलांना हात लावावा लागत नाही.

तिसरं कारण पोच. इंटरनेटची नीट सोय केली, तर लॅब बंद झाल्यावर हॉस्टेलवरून किंवा घरूनही मुलाला तोच डेस्कटॉप उघडता येतो. रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या मुलांसाठी ही छोटी गोष्ट नाही. अर्थात अशा वेळी सर्व्हर रात्रीही सुरू ठेवावा लागतो आणि वरचं गणित बदलतं.

अडचणी कुठे येतात?

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत. एक पीसी बंद पडला तर एका मुलाची जागा बदलते. सर्व्हर बंद पडला तर अख्खी लॅब थांबते. त्यामुळे परीक्षा घ्यायच्या असतील तर दुसरा सर्व्हर तयार ठेवावा लागतो. त्याचा खर्च आणि त्याची वीज हिशोबात धरलीच पाहिजे.

दुसरी अडचण सकाळी दहाची. चाळीस मुलं एकाच वेळी लॉग-इन करतात तेव्हा सर्व्हरवर एकदम ताण येतो आणि सगळ्यांचेच स्क्रीन रेंगाळतात. याला 'बूट स्टॉर्म' म्हणतात. वेगवान एसएसडी आणि पुरेशी मेमरी नसेल तर हा रोजचा त्रास होतो. प्रत्येकाला ४ जीबी मेमरी द्यायची म्हटली तरी चाळीस जणांना १६० जीबी लागते.

तिसरी अडचण जड सॉफ्टवेअरची. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांना थ्रीडी डिझाइन करायचं असतं. त्यासाठी सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड घालावं लागतं, आणि ते महागही असतं आणि वीजही भरपूर खातं. अशा लॅबमध्ये स्वतंत्र मशीन ठेवणं अनेकदा सोयीचं पडतं.

चौथी अडचण परवान्यांची. विंडोज असा दुरून वापरायचा तर मायक्रोसॉफ्टचे वेगळे परवाने लागतात आणि व्हर्च्युअलायझेशनच्या सॉफ्टवेअरचेही वेगळे पैसे असतात. लिनक्सवर हा खर्च टळतो, पण ते सांभाळणारा माणूस कॉलेजात हवा. पुण्यातून इंजिनिअर येईपर्यंत लॅब बंद ठेवावी लागली, तर वाचलेल्या युनिटचा उपयोग काय?

कॉलेजनं आधी काय करावं?

पहिली पायरी म्हणजे मोजणं. सॉकेटमध्ये लावायचा साधा वीजमापक घेऊन एका सीपीयूचे वॉट तपासा: काम करताना, रिकामा असताना, बंद केल्यावर. इलेक्ट्रिकलच्या मुलांसाठी हा चांगला छोटा प्रोजेक्ट होऊ शकतो.

दुसरी पायरी फुकटची. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर स्क्रीन बंद, अर्ध्या तासानं मशीन स्लीपमध्ये आणि लॅब संपल्यावर सगळी मशीन आपोआप बंद, असं सेटिंग करा.

तिसरी पायरी खरेदीच्या वेळची. सर्व्हर विकायला येणाऱ्याला चार प्रश्न विचारा. सर्व्हर रात्री आपोआप बंद होऊन सकाळी सुरू होईल का? एका सर्व्हरवर आमच्या सॉफ्टवेअरसह किती मुलं बसतील, हे आमच्याच लॅबमध्ये दाखवाल का? तो बंद पडला तर किती वेळात लॅब सुरू होईल? आणि सांगितलेली बचत कुठल्या पीसीच्या तुलनेत आहे, जुन्या सीपीयूच्या की आजच्या मिनी पीसीच्या?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही, तर माहितीपत्रकातला आकडा बाजूला ठेवलेला बरा.

वरच्या उदाहरणात एका लॅबमागे वर्षाला वाचणारी वीज होते सुमारे ३,१८७ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर जवळपास ३२ हजार रुपये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशोबानं वर्षाला दोन टनांहून जास्त उत्सर्जन टळतं, तेही एका तालुक्यातल्या एका कॉलेजच्या एका लॅबमधून. हे पैसे शेवटी मुलांच्या फीमधून आणि अनुदानातून येतात. त्यामुळे सर्व्हर घ्यायचा की मिनी पीसी, हे ठरवण्याआधी आपल्या लॅबमध्ये आत्ता, या क्षणी, किती वॉट विनाकारण जळतायत, हे बघायला हरकत नाही.